माझा दुधाचा टँकर कुणाला मिळेल आणि कशाच्या बोलीवर

मी, वल्लरी गुरुप्रसाद देशिंगकर, वय सत्तावीस, धंदा दुधाचा टँकर चालवणे, राहणार कळंबा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दुसरा चहा घेऊन आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते. उद्या माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आई म्हणते, "गुडघ्यानं कुणी मरत नाही गं!" नसेल मरत. पण भूल देणारे डॉक्टर फार गोड बोलले, तेव्हाच मला शंका आली. इंग्लिश मीडियमला शिकल्यामुळे काना-मात्रा चुकल्यास बाबांनी सुधाराव्यात. अर्थ सुधारू नये.

१. माझी स्कूटर आणि बँकेत जे काय असेल ते आईला. तिनं त्यातून माझं श्राद्ध वगैरे करू नये, गोव्याला जावं.

२. शाळेतल्या इलोक्युशनच्या सगळ्या ट्रॉफ्या नंदिनी आत्याला. दर दिवाळीत "एवढं छान इंग्रजी बोलते आणि टँकर चालवते" हे आत्या चारचौघांत बोलून दाखवते. घे, आता इंग्रजी तुझ्या शोकेसमध्ये. टँकर चालवायला आरसे लागतात, इंग्रजी नाही.

३. माझा टँकर, दोन कप्प्यांचा, चुलतभाऊ दत्तप्रसाद याला. दत्तूचं हेवी लायसन नवं कोरं आहे आणि आत्मविश्वास त्याहून नवा. माझा गुडघा गेल्यामुळे आज दुपारी तो पहिल्यांदा एकटा दूध घेऊन आंबा घाट उतरणार आहे, रत्नागिरीला. म्हणून टँकर त्याला बोलीवर मिळेल. निम्म्या भरलेल्या कप्प्यांनी घाट उतरला, तर टँकर त्याचा नाही, भंगारवाल्याचा. तसाही मग भंगारवालाच येईल.

दत्तू, का ते नीट वाच. सगळ्यांना वाटतं की निम्मं म्हणजे हलकं, हलकं म्हणजे सोपं. वा. सिमेंटची पोती ब्रेक मारला की थांबतात. दूध थांबत नाही. तू थांबतोस, ते मागून पुढं येतं आणि गाडीला ढकलतं, मग परत मागं जातं आणि परत येतं. तेलाच्या टँकरला आत आडवे पत्रे असतात, लाट अडते. दुधाला नसतात, कारण आतून धुवायचं असतं. स्वच्छ दुधासाठी आपला जीव, छान सौदा आहे. वळणावर तर तू डावीकडं वळलास की दूध उजवीकडं चढतं, आणि टँकर आधीच उंच. तेव्हा वळणाच्या आधी हळू हो, वळणात नाही. उताराचा गिअर उतार लागायच्या आधी टाक. कप्पा एक तर गळ्यापर्यंत भरलेला हवा, नाहीतर रिकामा.

आणि शिडीवरून उडी मारू नकोस. माझ्या गुडघ्याकडं बघ. साय सांडलेल्या पायरीवर मी हीरोगिरी केली होती. टाकीत वाकून बघू नकोस, आत जीव गुदमरतो; उतरणं तर सोडच.

४. चिलिंग सेंटरचे सुपरवायझर जोतीराममामा यांना माझ्याकडून एक वाक्य, फुकट: "पुढं म्हैस निम्मी, मागं गाय निम्मी" हा हट्ट सोडा. कोल्हापुरात म्हशीच्या दुधात गाईचं मिसळलं तर पाप लागतं, मान्य. पण दोन्ही कप्पे निम्मे ठेवून पोरगं दरीत गेलं तर ते पुण्य कुणाच्या खात्यात?

इथपर्यंत सकाळी लिहिलं. आता संध्याकाळ आहे.

दुपारभर फोन हातात होता. गुडघ्यापेक्षा तो जास्त दुखत होता. दत्तूचा काही पत्ता नाही. शेवटी दारात बुलेट वाजली आणि जोतीराममामा आत आले, चपला काढायच्या आधीच सुरू.

"ताई, तुमचा भाऊ हाय का कलेक्टर? म्हणतोय गाईचं न्हेणार न्हाय! गेटवर गाडी लावून बसला की!"

मी विचारलं, "मग?"

"मग काय? म्हशीचं पुढं गळ्याला लावून दिलं. मागचा कप्पा रिकामा. गाईचं राहिलं की सेंटरवर. रत्नागिरीवाले मला काय सोडतील व्हय?"

"उद्याच्या गाडीला गाईचंच भरा मामा, तेही गळ्यापर्यंत."

"म्हंजे तुमी दोघं मिळून ठरवलंय व्हय?"

ठरवलेलं नव्हतं, मामा. सकाळी फोनवर त्याला नुसतं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं असेल असं मला स्वतःलाही वाटत नव्हतं. मामा चहा संपवत होते तेवढ्यात फोन आला.

"ताई, साखरप्यात आहे. घाट उतरलो. मागून एक एसटीवाला शिव्या देत होता एवढं हळू आलो. वडापाव खातोय, ठेवू?"

ठेव म्हटलं. मग पेन परत उचललं.

५. म्हणून कलम तीन मी रद्द करते. टँकरसाठी दत्तूनं माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाही. आजपासून निम्मा टँकर त्याचा. गुडघा बरा झाला की उरलेला निम्मा मी चालवेन, आणि दोघं मिळून तो कधीच निम्मा भरणार नाही. ऑपरेशन टेबलवर काही झालंच, तर पूर्ण त्याचा, बिनबोलीचा.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, स्वतःच्या हातानं लिहून त्यावर खालील दोघांसमोर सही केली.

सही: वल्लरी गु. देशिंगकर
कळंबा, कोल्हापूर. रविवार, १८ मे २०२५

साक्षीदार १: चिमणाबाई खाडे, शेजारी. थालीपीठ द्यायला आल्या होत्या.

साक्षीदार २: जोतीराम चौगुले, चिलिंग सेंटर. (सही माझीच हाय. पर कलम चार मला मान्य न्हाय. उद्या गाईचं गळ्यापर्यंत भरतो, त्ये येगळं.)