सोबती ताऱ्याची कक्षा

३ सप्टेंबर २०२५, म्हैसूर

आजपासून नवं काम! तीन महिन्यांचंच आहे, पण नाशिकचं कॉलेज सोडून मिलिंदच्या बदलीमागे इथे आल्यापासून वर्षभर घरातच होते. सकाळी रिक्षात बसताना शाळेच्या पहिल्या दिवसासारखी धाकधूक होती.

काम नजरबाद भागात, तिरुमलरावांकडे. चौऱ्याऐंशी वर्षांचे निवृत्त शिक्षक, एकटे राहतात. कुटुंब कित्येक पिढ्या म्हैसुरात, त्यामुळे मराठीत निम्मी कानडी. त्यांचे खापरपणजोबा गुरुराजराव हौशी खगोलज्ञ होते. १८७४ ते १८८१ या काळात इंग्लंडमधल्या हॅलम नावाच्या पाद्र्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, तो सगळा एका जोडताऱ्याबद्दल. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, आणि त्यांची कक्षा कशी काढायची. एकशे बारा पत्रं. ती वाचून, लावून मला त्यांची यादी करायची आहे. खोलीला लाल गुळगुळीत फरशी, मेज उत्तरेकडे तोंड करून, आणि कॉफी अशी की नाशिकला सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही.

"अय्यो, तुम्ही गणिताच्या मॅडम नव्हे?" तिरुमलराव म्हणाले. "मग नुसती यादी कशाला? ते गणित पण सोडवा की. सुम्ने, गंमत म्हणून."

८ सप्टेंबर

पत्रं वाचताना जेवणाची आठवण राहत नाही. दोघेही दुर्बिणीतून सोबती ताऱ्याची जागा मोजत: मुख्य ताऱ्यापासून किती विकला, म्हणजे अंशाचे छत्तीसशेवे भाग, लांब, आणि उत्तरेपासून पूर्वेकडे किती अंश फिरलेला. एकमेकांची चूक दाखवायची तर आधी अर्धं पान क्षमा मागत. फेरा बहात्तर वर्षांचा. इतकी लांबट कक्षा, इतकी विकेंद्रता मी कधी पाहिलेली नाही. सोबती लांब असतो तेव्हा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही म्हणावं, पण जवळ येऊ लागला की दिवसादिवसाला धावत सुटतो.

गुरुराजरावांचं उत्तर थोडं चुकलंय. कुठे, ते मला दिसू लागलंय.

१२ सप्टेंबर

सुटलं! हॅलमपेक्षा आणि गुरुराजरावांपेक्षाही अचूक. सोबती सर्वांत जवळ येणार तो क्षण २४ सप्टेंबर, दुपारी चार. म्हणजे याच महिन्यात! पुढच्या प्रत्येक दिवसाचा तक्ताही केला.

तिरुमलरावांनी तीनदा विचारलं, खात्री आहे नव्हे? मी हो म्हटल्यावर ते उठून पडवीत गेले आणि बराच वेळ जमिनीकडे बघत उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे भरलेले. मग माझ्यासाठी मुद्दाम हरभऱ्याच्या डाळीचं गोड हयग्रीव करवलं. वाटलं, एवढा आनंद कुणाला गणिताचा होतो!

१५ सप्टेंबर

एक चमत्कारिक गोष्ट. कामाच्या सुष्माबाई फरशी पुसून गेल्या. माझ्या मागे, ओल्या फरशीत, दोन जागा कोरड्या होत्या. पावलांएवढ्या. बोटं माझ्या दिशेला.

पुसताना राहिलं असेल म्हणून मी स्वतः फडकं फिरवलं. फडकं चिंब होतं. त्या दोन जागा भिजल्या नाहीत. सवयीने टेप लावली: खुर्चीपासून बरोबर नऊ फूट.

१७ सप्टेंबर

सरकली आहेत. साडेसात फुटांच्या जरा पुढे. फोनच्या होकायंत्रात २१० अंश.

का कोण जाणे, तक्ता उघडला. १७ सप्टेंबर: २१० अंश, अंतर ७.६. विकलांच्या जागी फूट. बाकी सगळं तेच.

पत्रं जागेवर ठेवली आणि न सांगता निघून आले.

१८ सप्टेंबर

गेले नाही. घरीच, कुवेंपुनगरातल्या फ्लॅटमध्ये. सकाळी स्वयंपाकघर पुसलं. सात फुटांवर, कोरडी पावलं. हॉलमध्ये येऊन बादली उपडी केली. तिथेही सातच फूट.

ते घर कारण नव्हे. मध्यभागी मी आहे.

मिलिंदलाही दिसली. त्या जागी पाय ठेवायला म्हणून तो पुढे झाला आणि न ठेवताच मागे आला. दिवसभर माझा हात सोडला नाही.

२० सप्टेंबर

माणसांत राहावं म्हणून बाहेर पडले. दसऱ्याचे हत्ती सकाळी बन्नीमंटपापर्यंत सरावाला चालतात, ते बघायला रस्त्याच्या कडेला ही गर्दी. मुंगी शिरायला जागा नाही. जरा बरं वाटलं.

मग मागे वळून पाहिलं. गर्दीत एका माणसाएवढी जागा रिकामी होती. लोक तिला धक्का न लावता बाजूने सरकत होते, बोलत, हसत, तिच्याकडे न बघता. एक बाई लेकराला घेऊन तिकडे वळली आणि नकळत वळसा घालून गेली.

पाच फूट.

२२ सप्टेंबर

नजरबादला गेले. ओरडले. तिरुमलराव मान खाली घालून ऐकत राहिले, मग बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"ज्याचं उत्तर सगळ्यांत अचूक, त्याच्याभोवती ते फिरतं, मॅडम. हॅलमनं ते माहीत असून आमच्या खापरपणजोबांकडं गणित पाठवलं. एक्क्याऐंशीत ते ह्याच मेजावर गेले. त्रेपन्नमध्ये माझे काका. मी बारा वर्षांचा, दारात उभा होतो. पुढं कॉलेजात मीच सोडवलं, काय खूळ म्हणायचं! साठ वर्षं ते चौकापलीकडं होतं. मागच्या वर्षी रस्त्यावर आलं, ह्या महिन्यात आवारात." त्यांनी पडवीकडे पाहिलं. "म्हातारा आहे, पण भीती म्हातारी होत नाही हो. क्षमिसि."

काका कसे गेले, विचारलं. त्यांनी खुर्ची मेजापासून ओढून भिंतीकडे वळवली.

आज सव्वातीन फूट.

२३ सप्टेंबर

नाशिकचा माझा विद्यार्थी शशांक. आता पुण्यात पीएचडी करतो. मी मोठ्या आनंदात त्याला या गणिताबद्दल लिहिलं होतं. रोज मेसेज: मॅडम, मोजमापं पाठवा, तुमच्यापेक्षा अचूक काढून दाखवतो.

काढेल. तो हुशार आहे.

मिलिंदला सगळं सांगितलं. पाठव, तो म्हणाला. मी म्हटलं, चोवीस वर्षांचा मुलगा आहे तो. मिलिंद म्हणाला, मला तू हवीस.

मेल लिहिली. कागद जोडले. तासभर बघत बसले —

पुसून टाकली. हॅलमसारखं मला जमणार नाही.

दोन फूट. मागून कानाच्या बाजूला येतंय. श्वास नाही, वास नाही. फक्त तिथली हवा — भरलेली.

२४ सप्टेंबर, सकाळी दहा

डावीकडे. २८५ अंश. फूटभरसुद्धा नाही. डावा हात टेबलावर ठेवत नाही. मान वळवत नाही.

चार वाजता शून्य अंश. म्हणजे उत्तर. टेबलाचं तोंड तिकडेच, म्हणजे समोर. चेहऱ्यासमोर —

दुपारी दोन

खांदा गार —

दोन चाळीस

गेलं.

डावीकडे काही नाही. पाणी ओतलं. सगळी फरशी ओली. सगळी! रडले. मिलिंदला मिठी मारली. तो हसला नाही. माझ्या नजरेला नजर देईना.

दोन पन्नास

मिलिंदने कागद पाठवले. काल, मी आंघोळीला गेले तेव्हा, माझ्याच लॅपटॉपवरून. शशांकचा मेसेज आलाय — मॅडम, सुटलं! आणि खाली त्याचं उत्तर.

फोन उचलत नाही.

तीन दहा

उचलला. म्हणाला, मॅडम, खोलीत कुणीतरी — आणि मग नुसता आवाज. खुर्ची सरकल्याचा.

तीन वीस

मिलिंद वही ओढतोय. नको म्हणतोय. दार लावून घेतलं.

शशांकच्या उत्तरात चूक असणार. घाईत सोडवलंय. त्याच्याहून अचूक काढलं की ते परत माझ्याकडे —

तीन चाळीस

१८७९चं एक मोजमाप त्याने उलटं घेतलंय. हेच. हेच ते. मिलिंद दार बडवतोय. पुन्हा मांडते.

तीन बावन्न

कक्षेचा कल आला. फेरा आला. विकेंद्रता राहिली. त्याची ०.९९८४. माझी — हातचा धरून — ०.९९८४७ नव्हे, ०.९९८४६

पुढचा आकडा