तिकीट कुणी द्यायचं

खटकचिंचोळी,
ता. १० एप्रिल २०००

चि. महांतेशास बाणूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथं सगळं ठीक, माझं डोकं सोडून. जिल्हा पंचायतीची आपली जागा औंदा बायकांसाठी राखीव झालीय. पक्षाचं तिकीट दरखेपेला बीदरला बसलेली चार माणसं देतात. त्यावरून भांडणं झाली, म्हणून आता सभासदांनाच विचारायलेत: तिकीट वरून द्यायचं, का तुम्ही मतं टाकून द्यायचं? महिन्याच्या शेवटच्या रविवारी भालकीला त्याचं मतदान हाय.

सभासदांनीच द्यावं, असं मी गावोगाव सांगत फिरायलेय. अन् काल तालुक्याचे पुढारी श्रीपतराव घरी आले. चहा पिता पिता म्हणाले, वर तुमचंच नाव ठरलंय बाणूबाई, आता तेवढं फिरणं थांबवा. तुझ्या दाजींच्या हातातली बशीच कलंडली. तवापासून माझ्या मागं लागलेत की गप बस, दारात आलेली लक्ष्मी ढकलू नको. अरे, वरून दिलेलं उद्या वरूनच काढून घेतील, हे या माणसाला कसं कळंना? तूच सांग, मी कामून गप बसू?

तुझ्या लेकीला, प्रतीक्षाला पापा. माया हाय तशी राहू दे.
तुझी अक्का


पिंपरी,
ता. १७ एप्रिल २०००

ती. बाणूअक्काच्या पायांवर डोकं ठेवून महांतेशचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. लोक तिकिटासाठी पुढाऱ्यांचे उंबरे झिजवतात, अन् तुझ्या दारी ते चालत आलं तर तू हाकलायलीस! आधी निवडून ये, मग काय बदलायचं ते बदल. अगं, निम्मे सभासद जगदेवप्पा अण्णांच्या शब्दातले. ते बायकोला, गुरुबाईला उभी करतील, अन् ती माउली नवऱ्याला विचारल्याबिगर घोटभर पाणी पीत न्हाई. तू पडशील, अक्का. एवढ्या खेपेला दाजींचं ऐक.

तुझी भावजय धनलक्ष्मी मात्र तुझ्याच बाजूची. त्यामुळं मला घरात तोंड उघडायची सोय उरली न्हाई.

चिडून लिहिलं म्हणून लोभ पातळ करू नकोस.
तुझा महांतेश


खटकचिंचोळी,
ता. ९ मे २०००

चि. महांतेशास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालास तसंच झालं, घे हसून. तिकीट आपणच द्यायचं, असं सभासदांनी भालकीत ठरवलं. मी पेढे वाटले. परवाच्या रविवारी उमेदवारासाठी मतं पडली अन् गुरुबाई जिंकली. तुझे दाजी घरी आल्यापासून बोलायलेत ते थांबंनात. मला वाईट वाटलं न्हाई असं न्हाई. म्हशीपुढं वैरण टाकताना रडून घेतलं.

पण मतदानाच्या आधीचं ऐक. दोघींनी सभेपुढं उभं राहायचं होतं. मजुरीला जाणारी सरुबाई उठली अन् तिनं गुरुबाईला विचारलं, आमच्या वस्तीवरचा हापसा बंद हाय, त्याचं काय करताव? गुरुबाईनं सवयीनं नवऱ्याकडं बघितलं. जगदेवप्पा अण्णा बोलायला उठले, तर समद्या बाया ओरडल्या की तुम्ही खाली बसा, मत तिला द्यायचंय! अण्णा बसले बाबा! मग गुरुबाई स्वतःच बोलली. म्हणाली, मला त्यातलं काही ठाऊक न्हाई, उद्या येऊन बघते. टाळ्या पडल्या. व्हय, मीबी वाजवल्या.

काल ती खरंच आली, एकटी. आधी माझ्याच दारात उभी राहिली. म्हणाली, अक्का, वस्तीची वाट मला ठाऊक न्हाई, संगट येताव का? तुझे दाजी आतून गरजले की जिनं तिकीट नेलं तिच्यासंगट जायलीस?

मी पायात चप्पल सरकवली.

आता रागव किती रागवायचं ते, पण पत्र टाकून रागव. धनलक्ष्मीला आशीर्वाद.
तुझी अक्का