सतरावं झाड

३ डिसेंबर
आले बाई एकदाची! केबिन म्हणजे नुसती काडेपेटी, पण खिडकी भिंतभर. समोर तळं, काठाने झाडं. स्टोव्ह धूर काढून डोळ्यांतून पाणी काढतो. हिवाळाभर पक्षी मोजायचे, झाडांची नोंद ठेवायची, तक्ते ऑफिसात द्यायचे. मागच्या हिवाळ्यात हेच काम दादा करत होता. फेब्रुवारीत तो नाहीसा झाला. तळ्यात गेला म्हणतात, पण तळ्यात काही सापडलं नाही. आई अजून त्याच्या चपला दारातून हलवू देत नाही. निघताना म्हणाली, त्याला घेऊनच ये. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

७ डिसेंबर
चौकीदारकाकांनी कामाची रीत सांगितली. काठावर इतकं निश्चल उभं राहायचं की पक्ष्यांना माणूस वाटूच नये. मात्र दर पाच मिनिटांनी पाय उचलायचा आणि अर्ध्या तासाच्या वर थांबायचं नाही. का, असं विचारलं तर काठी उचलून चालू लागले. दादाला हे जमलं कसं, देव जाणे! जेवतानाही त्याचा डावा पाय हलायचा, ताटं वाजायची, आई ओरडायची.
बदकं एकतीस, धोबी पक्षी चार, खंड्या एक. झाडं सतरा.

१५ डिसेंबर
कपाटात दादाचे तक्ते सापडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत झाडं सोळा. मी तीनदा मोजली. सतराच. गणितात कायम गटांगळ्या खायचा, इथेही घोळ घातला असणार. शेवटच्या तक्त्यावर लिहिलंय, ‘आज तासभर हललो नाही. धोबी बुटावर येऊन बसला! आईला सांगायचंय.’ आधी हसले. मग खूप रडले.

२ जानेवारी
पाण्याजवळच्या झाडावर सुतार पक्षी सकाळभर चोच मारत होता. दुर्बीण लावली. भोकात लाल लोकर दिसली, सालीच्या आत. पक्षी काय, काहीही कोंबून ठेवतात.
आईने दादाला स्वेटर विणला होता. उरलेल्या लोकरीचा माझा. अंगात आहे. तोच लाल.

१९ जानेवारी
वारा अजिबात नाही. सोळा झाडं गप्प. पाण्याजवळच्या सतराव्याचं डावीकडचं मूळ हलतंय, टक टक टक, जेवताना दादाचा पाय हलायचा तसं.
काकांना गाठलं. ते रडले. मागे कुऱ्हाड नेली होती म्हणाले, त्याला सोडवायला. पहिल्याच घावाला झाडाने आईला हाक मारली. मग हिंमत झाली नाही. बाकीची सोळाही माणसंच का, विचारलं. त्यांनी मान खाली घातली. मला आजच्या आज घरी जा म्हणाले.

२० जानेवारी
बॅग भरली. सुतार आला. चोच मारायला लागला.
बॅग टाकून धावले.

२७ जानेवारी
दिवसभर त्याच्याजवळ उभी असते. सुताराला हाकलते. माझा स्वेटर बुंध्याला गुंडाळलाय. घरचं सांगते, आईच्या गुडघ्यांचं, शेजारच्या भांडणांचं. मी बोलले की मूळ थांबतं. ऐकतोय रे, माझा वेडा ऐकतोय.

३० जानेवारी
पाय उचलायला विसरले. बूट मातीतून सुटेनात. कसेबसे ओढले. तळव्यांतून बारीक पांढरं काहीतरी—
जायला हवं. पण गेले तर सुताराला कोण हाकलणार?

१ फेब्रुवारी
काका ओढत होते. किंचाळले मी. काका पळाले.
दुखत नाही. थंड वाटतं फक्त.

२ फेब्रुवारी
धोबी बुटावर बसलाय. घाबरत नाही तो. मला भीती वाटते, खूप— बोटं वाकत नाहीत. मूळ हलायचं थांबलंय. माझ्या पायाला टेकलंय.
बदकं— दिसत नाहीत. झाडं अठ—
आई, दादा सापडला. आणता येत नाही गं. रागावू नकोस. एकटा नाही तो आता. चपला दारातून आत घे, दोघांच्या— वाट नको बघ