मागचं येतंय

३ नोव्हेंबर, सोमवार

आज रुजू झाले. विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग साताऱ्याबाहेर टेकाडावर आहे. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो आणि डबा खायला कडुनिंबाखाली बाकडं आहे, म्हणजे निम्मी नोकरी तिथेच आवडली. माझं पद उपकरण व्यवस्थापक. ऐकायला भारदस्त, प्रत्यक्षात महागड्या यंत्रांची आया. कुणाला गार हवा लागते, कुणाला कोरडी, कुणी लाइट गेली की दोन दिवस रुसून बसतं. यंत्रांच्या खोलीत एसी आणि शेजारी प्राध्यापक वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले, हे पाहून जीव सुखावला.

विभागप्रमुख देवदत्त सरांनी सगळीकडे फिरवलं. सुलाबाई म्हणून शिपाईबाई आहेत, त्यांनी चहा दिला आणि कप रिकामा व्हायच्या आत माहेर, सासर, शिक्षण सगळं काढून घेतलं. माहेर पलूस म्हटल्यावर म्हणाल्या, मग द्राक्षं आणा की आमाला. मग त्यांची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर गेली. मीच सांगितलं, नवरा, मुकुल, फेब्रुवारीत गेला, शिरवळला कंपनीत होता, कामावरच छातीत कळ आली. त्यांनी माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

संध्याकाळी खोलीवर आले तर चक्क भूक लागली होती. पिठलं-भाकरी केली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. मुकुल असता तर म्हणाला असता, वल्लरीबाईंना नोकरी मानवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इथलं माझं लाडकं यंत्र म्हणजे जीसी. गॅस क्रोमॅटोग्राफ हे पूर्ण नाव फक्त पाटीवर. त्यात वास सोडायचा, म्हणजे कसलीही वाफ. आत केसासारखी बारीक, लांबलचक नळी वेटोळं करून ठेवलेली आहे. तिच्यातून जाता जाता वाफेतले घटक सुटे होतात आणि एकेक करून बाहेर पडतात. प्रत्येकाचं कागदावर एक उंच टोक उमटतं, त्याला सगळे पीक म्हणतात. पलूसला दादांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं की आज पिकं छान आली, तर ते म्हणाले, उसाची का हळदीची? योगायोगाने हळदीचीच होती. साक्षी नावाची मुलगी सांगलीच्या हळदीच्या तेलावर पीएच.डी. करते. हुशार आहे, नखं सदा पिवळी.

रोज सकाळी आधी रिकामी कुपी चालवायची ही इथली शिस्त. कुपीत काही नाही, तर कागदावर सरळ रेघ यायला हवी. नाही आली, तर आदल्या नमुन्यातलं काहीतरी नळीत चिकटून राहिलंय असं समजायचं. त्याला इथे 'मागचं येतंय' म्हणतात. मग नळी भाजायची, म्हणजे तिच्याभोवतीची भट्टी चांगली तापवून चिकटलेलं सगळं बाहेर घालवायचं. आज माझी रेघ अगदी सरळ आली. ताणलेल्या दोरीसारखी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कुणाला सांगितलेलं नाही ते इथे लिहिते. मुकुलचा एक शर्ट माझ्याजवळ आहे. बाकीचे कपडे सासूबाईंनी तेराव्यानंतर वाईलाच देऊन टाकले, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून. हा धुण्याच्या बादलीत होता, त्यामुळे वाचला. निळ्या चौकड्यांचा, आदल्या दिवशी अंगावर होता तो. मी तो चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करून ठेवलाय. अगदीच राहवेना झालं की पिशवी उघडून नाक खुपसते. घाम, खोबरेल, कंपनीतल्या रंगाचा उग्र वास, आणि या सगळ्याखाली मुकुल. त्या शेवटच्या वासाला नाव नाही.

दर वेळी पिशवी उघडली की थोडा वास उडून जातो, एवढं रसायनशास्त्र मला येतं. काल उघडली तर तो फार लांबून आला. मी कितीतरी वेळ पिशवी हातात धरून बसले. हा वास संपला तर माझ्याकडे त्याचं काहीच उरणार नाही. फोटोत तो फोटोवाला सांगतो तसा हसतो, घरातला नाही.

म्हणून ठरवलंय. पिशवीतली हवा सुईने ओढून जीसीत घालायची. त्याचा वास कशाकशाचा आहे हे एकदा कागदावर आलं, की मग तो कुठे जाणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सगळे जेवायला गेल्यावर केलं. आधी बारीकसारीक पिकं आली, खोबरेल, साबण, रंगाचं द्रावण. मग बराच वेळ सरळ रेघ. आता संपलं असं वाटलं, आणि अगदी शेवटी एक रुंद, संथ पीक उमटलं. यंत्राजवळ हजारो पदार्थांची ओळख साठवलेली असते. त्यातल्या कशाशीच ते जुळेना. मी मात्र ओळखलं. उशिरा यायची सवय होतीच त्याला.

टेबलावर डोकं ठेवून रडले. फार दिवसांनी हलकं वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी रिकामी कुपी चालवली. शेवटी तेच पीक, बारीकसं. मागचं येतंय.

नियमाने नळी भाजायला हवी होती. हात होईना. मागचं असंही दर वेळी कमी होत जातं, आपोआप ओसरेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ओसरत नाही. रोज वाढतंय. रिकाम्या कुपीतून, ज्यात मी काही घातलेलं नाही त्यातून, ते आता सोमवारच्यापेक्षा उंच आलं.

खोलीवर येऊन पिशवी उघडली. नुसतं कापड. बाही, कॉलर, काखेत सगळीकडे हुंगलं. दुकानातून आणल्यासारखा कोरा शर्ट. मी एवढीशीच हवा काढली होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्राच्या मागे एक बारीक नळी खिडकीबाहेर जाते, वाफा बाहेर सोडायला. आज तिच्याजवळ गेले आणि वास आला. मुकुल. शर्टातल्यासारखा पुसट नाही, घामाघूम होऊन जिना चढून आलेला, दारात बूट काढणारा मुकुल. मी खुर्ची ओढून तिथेच बसले. डबा तसाच राहिला.

सुलाबाई झाडायला आल्या आणि दारात थबकल्या. विचारत होत्या, हितं कोन पुरुषमानूस येऊन गेलं का? मी नाही म्हटलं. त्यांनी खोलीभर पाहिलं आणि न झाडताच गेल्या. मला मात्र हसू येत होतं. नऊ महिन्यांत इतकी सुखी मी झाले नव्हते, लाज वाटते पण खरं आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

साक्षी रडकुंडीला आली. तिच्या हळदीच्या तेलातही शेवटी तेच पीक येतंय. म्हणाली, मॅडम, मागचं येतंय, माझं वर्षभराचं काम वाया जाईल. देवदत्त सरांनी नळी भाजा म्हणून सांगितलं, भट्टीला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. मी हो म्हटलं आणि अर्ध्या दिवसाची सुटी मागून निघाले.

सुलाबाईंनी व्हरांड्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, बाई, मशीनला मागचं लागलंय, गेलेलं मानूस. भाजून मोकळं करा त्याला, आन् तुमी बी व्हा. मी चिडून बोलले त्यांना, शर्टाचंही तोंडून गेलं. बोलायला नको होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज काहीतरी विचित्र झालं. वाटेत एक जण मोठ्याने हसला आणि मी मुकुलचं हसणं आठवायला गेले. आठवेना. तो हसायचा हे माहीत आहे. कसा, ते नाही. दात दिसायचे का? आवाज यायचा का?

सकाळी पीक बरंच उंचावलं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

फोनमध्ये त्याचा एक व्हॉइस मेसेज आहे. रोज रात्री ऐकायचे. काल लावला. कुणीतरी माणूस येताना दूध आण म्हणून सांगत होता. मी पुन्हा लावला, कानाला चिकटवून ऐकला. परका माणूस. दूध आण, विसरू नको.

मला आता कळलंय. ते शर्टातून नाही येत. शर्टात होतं ते पहिल्या आठवड्यातच संपलं. ते माझ्यातून घेतंय. तिकडे पीक चढतं, इकडे माझ्यातला मुकुल कमी होतो. मी त्या नळीजवळ बसून त्याचा वास घेते असं मला वाटत होतं. तो माझा घेत होता — तो नाही. ते.

१० डिसेंबर

नळी भाजली की थांबेल. जे उरलंय ते तरी मला राहील. हे कळतं.

पण भट्टी माझ्या हाताने पेटवायची. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. दारातून नेलं तेवढं पाहिलं, कोपऱ्यावर गाडी वळली तेवढं. पुढचं पुरुषांनी केलं. मी आत भिंतीला टेकून देवाला म्हणत होते, बरं झालं मला बघावं लागलं नाही. आणि आता खोलीत तो जिवंत माणसासारखा दरवळतोय आणि मला म्हणतायत, भाजा.

नाही होणार माझ्याने.

१२ डिसेंबर

आठवतंय ते सगळं स्वतःशी म्हणून पाहिलं. उंची — मध्यम? चहात साखर घ्यायचा की नाही? आमचं लग्न वाईला, घाटावरच्या कार्यालयात. पावसाने मांडव गळला होता. तो काहीतरी म्हणाला होता तेव्हा, सगळे हसले होते. काय म्हणाला —

सोमवारी भाजते. नक्की. साक्षीचंही नुकसान होतंय. एकदा फक्त त्याच्याजवळ बसून घेते.

१५ डिसेंबर

बसले. उठवेना. नळीतून येणारा वास आता खोलीभर झालाय, व्हरांड्यात सुद्धा. साक्षी म्हणाली मॅडम, तुमच्या मागे कुणी उभं आहे असं सारखं वाटतं. ती आता या खोलीत येत नाही.

मी मागे पाहिलं नाही. भीती वाटली. नवऱ्याची भीती वाटावी, हे काय झालं माझं.

उद्या भाजते.

१९ डिसेंबर

वाईहून सासूबाईंचा फोन. फेब्रुवारीत वर्षश्राद्ध आहे, म्हणाल्या. मी विचारलं, कुणाचं?

 त्या पलीकडे रडायला लागल्या. मी फोन ठेवला. मग आठवलं. जमिनीवर बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

आत्ता. सकाळ व्हायची वाट नको — नाही, विभाग बंद असेल. सकाळी पहिलं काम. दुसरं काही नाही. हातावर पेनाने लिहिलंय, भाजणे.

२० डिसेंबर

हातावर लिहिलं होतं, भाजणे. यंत्रासमोर कितीतरी वेळ उभी राहिले. भट्टीचं बटण समोर. काय भाजायचं — भाकरी? शेंगदाणे? सुलाबाईंना विचारलं.  म्हणाल्या, बाई, दाबा. लवकर दाबा वो.

मी कशाला दाबू? यंत्र नीट चाललंय. शेवटी एक पीक येतं, छान, डौलदार. असतं एखाद्या यंत्राचं.

३० डिसेंबर

बरी झोप लागते हल्ली. कशाचं तरी ओझं होतं, ते नाही.

कपाट आवरताना प्लास्टिकच्या पिशवीत एक पुरुषी शर्ट सापडला. आधीच्या भाडेकरूचा असणार. कापड मऊ होतं, सुती, यंत्रं पुसायला उत्तम. बाह्या फाडून सुलाबाईंना दिला. त्यांनी तो छातीशी धरला आणि तिथेच रडायला लागल्या. म्हणत होत्या, आवं, तुमच्या मुकुलचा हाय वो त्यो. कोण मुकुल ते विचारलं. सांगेनात. मला त्यांची काळजी वाटते, वय झालंय.

५ जानेवारी

आज रिकाम्या कुपीत काहीच आलं नाही. सरळ रेघ.

देवदत्त सर खूश. साक्षीही. मीही, बहुतेक. म्हणजे ते जे काही होतं, ते यंत्रातून बाहेर पडलं — कुठे गेलं पण?

कडुनिंबाखाली डबा खाताना एकदम रडू आलं. कशासाठी, सापडेना. घरभर शोधलं तरी सापडत नाही, आणि काय हरवलंय तेही —

६ जानेवारी

जीसीच्या खोलीत एक गृहस्थ उभे आहेत.

सुलाबाई दारातच खाली बसल्यात, तोंडात पदर कोंबून. आत येत नाहीत, जातही नाहीत.

गृहस्थ तरुण आहेत. घामाघूम, जिना चढून आल्यासारखे. माझ्याकडे बघून हसले, तोंडभर. मी पण हसले, पाहुण्याकडे बघून हसावं तसं. तर त्यांचं हसू हळूहळू गेलं. आता रडतायत. मला वल्ली म्हणाले. वल्ली कोण — मी वल्लरी.

परक्या माणसाचं एवढं रडणं बघवत नाही, म्हणून इथे खाली मान घालून लिहीत बसलेय. जवळ येतायत. पायांचा आवाज नाही. कसला तरी वास — खोबरेल, आणि —

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवलाय. थंडगार. ओरडायला हवं, पण तेच लहान मुलासारखे हुंदके देतायत. काहीतरी सांगतायत, पुन्हा पुन्हा, तेच. मांडव गळत होता म्हणतायत, आठव ना — काय आठवू? मी म्हटलं, अहो, रडू नका. कुणाकडे आला आहात आपण? आपलं नाव काय —

ते सांगतायत. मी लिहून घेते. मु —