करंदी कुणाची

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मांजरीने आजही ढुंकून पाहिलं नाही! सुके बोंबील आणले, भाजले — ज्या शाकाहारी घरात बायकोला, निर्मलाला, मासळी मागच्या पडवीत करावी लागायची, त्याच घराच्या स्वयंपाकघरात मी भाजले! थाळीत ठेवले. मी दाराआड गेल्यावरच तोंड लावलं. मग फळीवर चढून माझ्याकडे पाठ करून बसली.

हिचं नाव करंदी, बारक्या कोळंबीवरून. निर्मलाने ठेवलेलं. समुद्रकाठच्या वरोरच्या बाईला मांजराला दुसरं काय नाव सुचणार! माहेरी जाताना म्हणाली, "करंदीला नंतर नेईन." त्या एका वाक्यावर मी दिवाळी काढली. मांजर इथे आहे तोवर बायको एकदा तरी येणार.

१४ नोव्हेंबर

हाक मारली. कान हलवला. तेवढंच.

लाहू हसत होता. तलासरीकडचा, चिकू उतरवायला येतो. "शेट, हाक मारून मांजरी येत नाय. तुमी बसून ऱ्हा. तिला वाटल तवा येल." बसून राहिलो. नाही आली.

१९ नोव्हेंबर

निर्मलाचा फोन. "करंदी जेवते का?" जेवते. "बरी आहे ना?" हो. संपला फोन! माझं काही विचारलं नाही. मीही तिचं विचारलं नाही. फोन ठेवल्यावर सुचलं — खोकला कसा आहे, एवढं तरी विचारायचं. गेली तेव्हा खोकत होती.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आमचं भांडण झालं नव्हतं. लोकांना ते पटत नाही. आज डहाणू रोडच्या बाजारात मेहुणी भेटली, सुषमा. तोंड फिरवून गेली — मी तिच्या बहिणीला मारलंच असणार असा चेहरा! हात कधी उचलला नाही मी. आवाजही नाही.

निर्मला जाताना बोलली ते दिवसभर डोक्यात आहे. "अहो, मांजर परवडलं. भूक लागली की ते पायात तरी घोटाळतं. तुम्ही ताट संपवता, हात धुता, वाडीत जाता." मी तेव्हा काय केलं? वाडीत गेलो.

करंदी खिडकीत होती. मी शेजारी खुर्ची टाकली तर उठून गेली. एवढ्याशा जनावराने उठून जावं आणि आपण रिकाम्या खिडकीकडे बघत बसावं! घरात दुसरा जीव असून तो आपल्याकडे बघत नाही, हे फार वाईट. निर्मलाने इतकी वर्षं कशी काढली असतील, कोण जाणे.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून करंदी नाही. थाळी तशीच. वाडीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, विहिरीत डोकावलो.  मांजर गेलं म्हणजे निर्मलाचं यायचं कारणच गेलं.

दुपारी चिकू पिकवायच्या खोलीतून बारीक आवाज आला. काल मीच माल घालून दार लावलं होतं, फटी गोणपाटाने बुजवल्या होत्या. ही पेंढ्याच्या उबेला आत झोपलेली असणार. मी बघितलंच नाही! ती खोली मध्येच उघडत नाहीत. ऊब गेली की अर्धा माल पिकतो, अर्धा दगड राहतो. लहानपणी मी एकदा उघडली होती, तर वडिलांनी बडवून काढलं होतं. लाहूही म्हणाला, "शेट, उद्या उघडायचीच हाय. मांजरीचा जीव चिवट, काय नाय व्हायचा."

मी गोणपाट उपसून फेकलं. करंदी लटपटत बाहेर आली आणि दारातच बसली. बोट भिजवून पाणी पाजलं. चाटलं तिने! आणि मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने. लाहू चिकू बघायच्या निमित्ताने आत गेला.

४ डिसेंबर

मालाची माती झाली. व्यापाऱ्याचा माणूस प्रवीण येऊन वाट्टेल ते बोलून गेला. "एका मांजरापायी?" असं तीनतीनदा. ऐकून घेतलं. काय सांगणार त्याला!

७ डिसेंबर

पायाशी बसली. पाठ माझ्याकडेच. पण पायाशी!

११ डिसेंबर, बुधवार

निर्मलाचा फोन. खोलीचं सगळं सांगितलं — रडलो ते सोडून. माझ्या मानाने पुष्कळ बोललो. ती मग म्हणाली, "रविवारी येते तिला न्यायला." खोकल्याचं विचारलं. "गेला कधीच," म्हणाली.

न्यायला तर न्यायला. येणार तर आहे! चहा घेईल, बसेल. तेवढ्यात मी म्हणेन — राहा. लांबण लावायची नाही. एकच शब्द.

१४ डिसेंबर

दारापुढचा ओटा धुतला. तिचा कप शोधून घासून ठेवला. लाहूने ताजी मासळी आणून दिली. आरशासमोर उभा राहून "राहा" म्हणून पाहिलं. या वयात! कुणी ऐकलं तर वाडीभर होईल. करंदी उंबऱ्यात बसून बघत होती. उद्या ही जाईल, याचंही वाईट वाटतंय. पण निर्मला राहिली, तर हीही राहील.

१५ डिसेंबर, रविवार

आली. झाकणाची टोपली घेऊन. रिक्षा बाहेर थांबवून ठेवली. ओट्यावर बसली, चहा घेतला, "करंदे" म्हणून हाक मारली. करंदी फळीवरून उतरली, तिच्याजवळून सरळ पुढे आली आणि माझ्या मांडीवर चढली. आजवर कधी नाही — आणि आज! माझा हात तिच्या पाठीवरून फिरत होता, मला पत्ताही नव्हता.

निर्मला त्या हाताकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे जवळ घेता येतं तुम्हाला."

रिकामी टोपली घेऊन उठली. रिक्षा सुरू झाली, तो एक शब्द राहूनच गेला. करंदीचा डोळा लागला होता. मी हललो नाही.