फोटोच तर काढायचाय

प्रिय भिंगरी,

मघापासून पेन घेतेय आणि ठेवतेय. पाय स्टुलावर, कुबड्या हाताशी, आणि जीव मात्र घरभर फिरतोय. पडदा सारते, परत ओढते. पायाला भिंगरी म्हणून नाव पडलं तुला, पण एका जागी न बसण्याचा रोग मूळचा माझाच.

समोरच्या भिंतीवर अजून नाचाच्या कार्यक्रमाचं माझंच पोस्टर आहे. शेजारच्या काकू रोज कौतुक करतात, उडी मारताना चेहऱ्यावर काय भाव आलेत म्हणून. डोंबलाचे भाव! त्याच क्षणी मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला होता.

त्या दिवशी फोटोचा स्टुडिओ गार होता. केस, कपडे, रंगरंगोटी यातच वेळ गेला. फोटोच तर काढायचाय, नाचायचं थोडंच आहे, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. कार्यक्रमाआधी आपण घाम येईपर्यंत अंग मोकळं करतो, आणि तिथे तर नाच हळूहळू चढत जातो. फोटोवाल्याला मात्र सगळ्यात उंच उडीच आधी हवी असते. मग त्याचे दिवे हलेपर्यंत उभं राहायचं, पाय पुन्हा थंड, आणि वर ‘अजून एकदा’ आहेच.

आठवतं, लहानपणी मी अंग गरम करतेय म्हटलं की आई धावत येऊन कपाळाला हात लावायची? तू तर शाळा बुडवायला तेच वाक्य उचललंस, नाटकी कुठली!

काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. चालेन, जिने चढेन, उड्या मात्र आता नाहीत. माझं रडून झालंय, तेव्हा लगेच फोन करू नकोस.

आज आपल्या नाचाच्या बाई घरी आल्या होत्या. माझी भूमिका त्यांनी तुला देऊ केली, तर तू म्हणे ताई बरी होईपर्यंत थांबते म्हणालीस. वेडाबाई, कुणासाठी थांबतेस? हेवा वाटतोय मला, खोटं कशाला बोलू, पण तू नाही म्हटल्याने तो थोडाच जाणार आहे? हे पत्र उद्या त्यांच्याच हाती पाठवतेय, वाचून तिथल्या तिथे हो म्हण. नव्या पोस्टरचे फोटो ठरलेच आहेत. तिथे कुणी कितीही घाई करू दे, तू आधी अंग गरम कर. इतकं, की आईने कपाळाला हात लावला तर औषध शोधत पळावं. आणि मग माझी उडी मार.

तुझीच,
एका जागी बसवलेली ताई