अंगठ्याशेजारची सही

काका,

तुम्ही गेल्याला पाच वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे, तेही बँकेच्याच कोऱ्या कागदावर. हे तुम्हाला खपलं नसतं. ऑफिसच्या कागदावर घरची यादी केली म्हणून पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतंत. हुद्द्याने मी अधिकारी, तुम्ही हेड कॅशियर. पण बंदराजवळच्या त्या शाखेत कोण कोणाला घाबरतं हे शिपायालाही ठाऊक होतं. दुसऱ्यांदा ओरडलात ते अंगठ्यावरून. सही न येणाऱ्या खातेदाराने पैसे काढायच्या स्लिपवर अधिकाऱ्यादेखत अंगठा करायचा आणि अधिकाऱ्याने शेजारी ‘माझ्यासमोर’ लिहून सही करायची, हा नियम. मी नवी, नियमाची पक्की. मासे विकणाऱ्या बायकांची माझ्या टेबलापाशी रांग लागली आणि तुम्ही कॅशच्या पिंजऱ्यातून गरजलात, “गो बाय, तेंच्यो टोपल्यो भायर उन्हात आसत. थंय बर्फ इरघाळता आणि तू हंय रांग लावतंस?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मीही तुमची पद्धत उचलली. बायका सवडीने येऊन चार-पाच कोऱ्या स्लिपांवर अंगठे करून जायच्या, त्या तुमच्या खणात. पैसे लागले की दारातूनच हाक यायची. तुम्ही रक्कम भरायचात, मी मान वर न करता ‘माझ्यासमोर’ लिहायची. खणाला कुलूप नव्हतं. कुलूप लावणं म्हणजे शेजारच्या क्लार्कवर संशय घेणं, असं तुमचं म्हणणं. मला ते फार थोर वाटायचं.

हेड ऑफिसचं परिपत्रक आलं, की रोखीवर बसणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून सलग दहा दिवस रजा घ्यायची आणि त्याच्या जागी दुसऱ्याने बसायचं. तुम्ही नऊ वर्षांत एकही रजा घेतली नव्हती. त्याबद्दल शाल-श्रीफळही मिळालं होतं. मी कागद पुढे केला तेव्हा तुम्ही तो वाचून परत माझ्याकडे सरकवलात. “तू माका चोर समजतंस?” मी म्हटलं, काका, सगळ्यांनाच आहे हे. तुम्ही डबा उचललात आणि माझ्याकडे न बघता निघून गेलात.

तुमच्या रजेचा तिसरा दिवस. त्या मासेवाल्या बायकांतलीच एक माझ्यासमोर उभी आहे. मुलाच्या होडीला इंजिन घ्यायचंय, सगळी शिल्लक हवी आहे. मी आकडा सांगते. ती हसते, तिला वाटतं मी चुकले. मी एकेक नोंद वाचून दाखवते आणि तिचा चेहरा उतरत जातो. “हे पैसे मी काढूकच नाय. तेव्हा मी चेडवाकडे गोव्याक होतंय गो.” ती लेकीकडे होती त्या दिवसांच्या स्लिपांचा गठ्ठा मी काढते. अंगठा तिचाच. रक्कम शेजारच्या क्लार्कच्या अक्षरात. आणि खाली माझं ठसठशीत, वळणदार ‘माझ्यासमोर’. संध्याकाळपर्यंत अशा अकरा स्लिपा निघाल्या. तुम्ही जेवायला गेलात की रोखीवर तो बसायचा; खणातून एक काढायचा, भरायचा, माझ्या टेबलावर आणून ठेवायचा आणि सही झाली की पैसे स्वतःच घ्यायचा. विचारल्यावर त्याने लगेच कबूल केलं. बाईचे पैसे बँकेने भरून दिले.

चौकशी ओरोसला, जिल्हा कार्यालयात झाली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात, माझ्या डावीकडे बसला होतात. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, “खातेदार समोर नसताना ‘माझ्यासमोर’ कसं लिहिलंत?” घरी लहान मुलगी, घराचे हप्ते, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि मी म्हटलं, “काकांनी सांगितलं, बाई दारात उभी आहे.” खोटं होतं ते. त्या अकरा वेळा तुम्ही जागेवरही नव्हतात. मी तुमच्याकडे बघितलं नाही, पण तुम्ही बघताय हे कळत होतं. साहेबांनी तुम्हाला विचारलं, हे खरं आहे का? तुम्ही शाखेत कधी बोलला नव्हतात तसल्या शुद्ध मराठीत म्हणालात, “हो साहेब. मीच सांगितलं होतं.”

का, काका? माझी दया आली, की मला आयुष्यभराची शिक्षा द्यायची होती? क्लार्क बडतर्फ झाला. तुम्ही निवृत्तीला चार महिने असताना निलंबित झालात, निवृत्तीचे पैसे अडकले, आणि वर्षाच्या आत तुम्ही गेलात. मला नुसती लेखी ताकीद मिळाली. पुढे बढतीही.

हल्ली मी नव्या पोरांना शिकवते. सक्तीची रजा का, खणाला कुलूप का, समोर माणूस नसताना सही का नाही. ही हकिगत सांगते तेव्हा पोरं ती वहीत उतरवून घेतात. तिथेही मी म्हणते, ‘एका विश्वासू कर्मचाऱ्याने अधिकाऱ्याला चुकीची माहिती दिली.’ गेल्या आठवड्यात पुन्हा म्हटलं.

काकी तारकर्लीच्या घरातच आहेत. तुमच्या अडकलेल्या पैशांसाठी त्यांनी केलेला अर्ज गेल्या महिन्यात माझ्याच टेबलावर आला. मी तीन ओळी खऱ्या लिहिल्या तर तो सुटेल, आणि मी अडकेन. मी ‘पूर्वीच्या अहवालानुसार’ एवढंच लिहून सही केली. माझ्या निवृत्तीला अजून सात वर्षं आहेत, काका.